मुक्या फाइली
बाल्कनीत कबुतरांना घाबरवायला टांगलेली सीडी उन्हात चमकली, की मला सुरतेच्या लिंबायतमधलं ते झेरॉक्सचं दुकान आठवतं. त्या सीडीत माझ्या वारलेल्या थोरल्या बहिणीने बारीक, उंच आवाजात म्हटलेली हळदीची गाणी होती. सीडी प्लेअर केव्हाच बिघडला होता, म्हणून दुकानदाराकडून ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. घरी मुलाच्या लॅपटॉपला हेडफोन लावून बसलो, तर पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते आणि कानात काहीच नाही. आवाज पूर्ण वाढवला, हेडफोन बदलला, एकेक फाइल उघडली, सगळ्या मुक्या. लग्नसराई तोंडावर होती. त्या दुकानदाराने गाणी बँडवाल्यांना विकायला ठेवून घेतली आणि मला रिकामी टरफलं दिली, अशी माझी खात्रीच झाली. तसाच दुकानात गेलो आणि चारचौघांत त्याला चोर म्हटलं. त्याने पेनड्राइव्ह लावला, स्पीकर माझ्याकडे वळवला आणि ओरडला, "काका, वागे छे ने!" म्हणजे वाजतंय की! मला तर काहीच ऐकू येईना; हा बनाव करतोय, असंच वाटलं. मग झेरॉक्ससाठी थांबलेल्या, आमच्या खानदेशातल्याच एका बाईंकडे लक्ष गेलं. त्यांची बोटं काउंटरवर ताल धरत होती आणि ओठ गाण्यासोबत हलत होते. तीस वर्षं मी लूमच्या खात्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात काढली. तिथे सगळे ओरडूनच बोलतात, घरीही तीच सवय, त्यामुळे कान कधी गेले ते कळलंच नाही. आता कानात मशीन आहे, बहीण ऐकू येते. पण त्या दिवशी मशीनशिवायही एक शब्द मला स्वच्छ ऐकू आला होता, चोर, आणि तो माझ्याच तोंडचा होता.