कापसात कधी न सापडलेली गोष्ट

आमच्या ह्यांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. त्यामुळे निवृत्त झाल्यावरही आर्वीतल्या लोकांना अडलेला इंग्रजी शब्द घेऊन आमच्याकडे यायची सवय आहे. कोणी औषधाची बाटली घेऊन येतं, कोणी बँकेची नोटीस. ह्यांना ते फार आवडतं. चष्मा पुसायचा, घसा खाकरायचा, शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये कुठं आहे ते सांगायचं, आणि तोवर चहा मी करायचा.

गेल्या दसऱ्यानंतर कोकिळा आली ती मात्र रिकाम्या हातानं. शब्द तिनं तोंडपाठ करून आणला होता. कंटॅमिनेशन.

कोकिळा आमच्या मागच्या गल्लीतली. गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये बायकांची मुकादम. शेतातून आलेला कापूस पट्ट्यावरून यंत्राकडे सरकत जातो आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या बायका त्यातला कचरा वेचतात. सरकी वेगळी होऊन रुई निघते ती त्यानंतर. लग्न होऊन आली तेव्हापासून ती हे काम करते आहे. यंदा तिथं साकेत नावाचा नवा मॅनेजर आला. त्यानं बायकांना गोळा करून सांगितलं, की गाठी घेणारे आता रुई तपासून घेतात, तेव्हा या हंगामात कंटॅमिनेशन चालणार नाही. बायकांनी माना डोलावल्या. मग त्यानं कोकिळाला बाजूला घेतलं आणि हे सगळ्यांना समजावण्याची जबाबदारी तिच्यावर टाकली. कचरा म्हणजे काय हे तिला कोणी शिकवायला नको होतं. पण ज्या शब्दावरून उद्या बोलणी खायची, त्याचा अर्थ पुरता ठाऊक असलेला बरा, असं तिचं म्हणणं.

ह्यांनी चष्मा पुसला. दूषित होणं, मलीन होणं, एका वस्तूत नको ती दुसरी मिसळणं, असं सांगत सांगत शेवटी म्हणाले, "सोप्या शब्दांत सांगायचं तर, विटाळ."

मी चहाचा कप जरा जोरातच ठेवला. एवढ्या मोठ्या शब्दकोशातून ह्यांना नेमका हाच शब्द सापडला. त्याचा अर्थ ह्यांनी पुस्तकात वाचलेला. मी तो याच घरात, मागच्या खोलीत, महिन्याचे चार दिवस वेगळ्या ताटवाटीत जेवून भोगलाय. सासूबाई गेल्या तेव्हा ते थांबलं. राग आला होता, पण पाहुणीसमोर नको म्हणून गिळला. कोकिळा कपाळाला आठी घालून विचार करत बसली होती.

"मले एक सांगा सर," ती म्हणाली. "केस डोक्यावर असला तं ते कंटॅमिनेशन नाई ना?"

नाही, कापसात पडला तरच, असं ह्यांनी सांगितलं.

"म्हणजे वस्तू खराब नाई राहत. तिची जागा चुकते."

हे बरोबर म्हणाले आणि लॅटिनकडे वळणार, तोच ती चहा संपवून उठली.

पुढे जिनिंगच्या हंगामाच्या मुहूर्तापर्यंत तिनं त्या शब्दाचा नुसता पिच्छा पुरवला. डाळीत खडा निघाला, कंटॅमिनेशन. नळाला गढूळ पाणी आलं, कंटॅमिनेशन. दिराच्या लग्नाच्या फोटोत शेजाऱ्यांचा बकरा आला, तेही कंटॅमिनेशन. बकऱ्याला तो शब्द लागू होत नाही, असं ह्यांनी हसत सांगितलं तर काऊन नाई म्हणून भांडायला बसली. बकऱ्यानं फोटो बिघडला, पण तो फोटोत मिसळला नाही, हे पटल्यावरच गेली. शब्द कुठं बसतो आणि कुठं बसत नाही, हे तिनं असं वापरून वापरून पक्कं केलं.

पट्ट्यावरच्या बायकांना तिनं ते आपल्या भाषेत शिकवलं. पोत्याचा धागा, कोंबडीचं पीस, तंबाखूच्या खर्र्याची प्लास्टिकची पन्नी, आपल्याच डोक्यावरचा केस. इथवर सगळ्यांना पटलं. मग ती कुंकवावर आली आणि खटका उडाला. मुहूर्ताला पहिल्या ढिगावर हळदकुंकू वाहायचा मान अन्नपूर्णाबाईंचा, कारण पट्ट्यावर सगळ्यांत जुन्या त्याच. कोकिळानं त्यांना सांगितलं, की कुंकू कपाळावर शोभतं, रुईत त्याचा डाग होतो, तर यंदा ते यंत्राच्या खांबाला लावा. अन्नपूर्णाबाईंनी ऐकलं, पण तोंड फिरवून.

मुहूर्ताला आम्हा दोघांना बोलावणं होतं, कारण जिनिंगचे मालक ह्यांचे जुने विद्यार्थी. नारळ शेडच्या बाहेर फुटला, कुंकू खांबाला लागलं आणि बायका डोक्याला रुमाल बांधून पट्ट्याकडे निघाल्या. तिथली एक रीत अशी, की मुहूर्ताला जी जिथं बसली ती जागा हंगामभर तिची. त्या दिवशी जी बसली नाही, तिला त्या वर्षी जागा नाही. दुसरी रीत अशी, की ज्या बाईला महिन्याची अडचण असेल तिनं मुहूर्ताच्या कापसाला हात लावायचा नाही. दोन्ही रीती एकीलाच एकदम लागू झाल्या तर काय, हे कोणी विचारलं नव्हतं.

अंकिता फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली जेवणाचा डबा घेऊन उभी होती. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली पोर. मागच्या वर्षीही तिची जागा अशीच गेली होती, आणि मग सबंध हंगाम ती लोकांच्या वावरात वेचणीला उन्हात फिरली होती. यंदाही कोणी तिला हटकलं नव्हतं. ती आपणहूनच लांब उभी होती, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

कोकिळानं तिला पाहिलं. जवळ जाऊन हळू काही विचारलं आणि मनगट धरून तिला सरळ पट्ट्यापाशी आणलं.

"कोकिळा, तिले अडचण हाये," अन्नपूर्णाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "देवाचं कुंकू नाई चालत तुले, अन् हे चालते?"

सगळ्या बायका थांबल्या. साकेत मोबाईलमध्ये बघू लागला. अन्नपूर्णाबाई उठल्या असत्या तर त्यांच्यामागे निम्मा पट्टा उठला असता, आणि कोकिळाची मुकादमी त्या दिवशीच संपली असती. हे तिलाही कळत होतं. तिनं अंकिताचं मनगट सोडलं नाही.

"बाय, लग्न होऊन आली तवापासून मी कापूस निवडून राह्यली," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "त्यात केस सापडले, पिसं सापडले, पन्न्या सापडल्या. बाईचा विटाळ आजवर सापडला नाई. तुम्ही माह्यापेक्षा जुन्या. तुमाले सापडला असन तं सांगा."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मागच्या खोलीतली ती पितळी वाटी आठवली, जी मी अजून मोडीत घातलेली नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ स्वतःच्या चपलांकडे.

अन्नपूर्णाबाईंनी समोरचा कापूस ओंजळीत घेतला आणि रोज निवडतात तसा बोटांनी मोकळा केला. त्यात काही नव्हतं. तो खाली ठेवून त्या फळीवर थोड्या सरकल्या.

"उभी काऊन हायेस? बस," त्या अंकिताला म्हणाल्या. "अन् पहिले केस झाक. ते पडतात कापसात."