भाकरीची बोटं, भांड्यांची राख

“राखेनं कुणाचे हात गेलेत गं? माझे गेले का?” गंगव्वानं आपले दोन्ही पंजे सुनेच्या तोंडापुढे धरले.

“तुमी घरचीच भांडी घासली, आत्या. मला भाकरीच्या धंद्याच्या पराती, तवे, डबे, समदं दोनदा घासाया निघतंय रोज,” महेश्वरी म्हणाली. तिनं स्वतःचे हात मात्र पदराखाली ठेवले होते.

“साबणाच्या वडीनं हात फाटतात, राखेनं भाजतात, पानाचं चित्र असलेली नैसर्गिक साबणाची बाटली परवडत न्हाय,” तिचा नवरा नंदीश दारातून ओरडला. “मग भांडी घासायची कशानं? फुंकर मारून?”

महेश्वरी दुधनीहून लग्न होऊन सोलापुरात आली, तेव्हा नंदीश यंत्रमागावर होता. कारखाना बंद पडला आणि घर तिच्या कडक भाकरीवर आलं. शाळू ज्वारीचं पीठ, पातळ थापणी, मंद आच. वैजयंतीबाईंच्या दुकानात तिच्या भाकरीचे गठ्ठे रोज जात. थापताना भाकरी कुठे जाड राहिली हे ती डोळ्यांनी बघत नसे, बोटांनाच ते कळे.

साबणाच्या वडीनं बोटांना चिरा पडायला लागल्या, तेव्हा राख तिनंच सुचवली होती. घरच्या चुलीची, फुकटची, शिवाय नैसर्गिक. त्यात पिळलेल्या लिंबाची सालं. भांडी चकाकली. चिरा मात्र खोल गेल्या आणि बोटांच्या टोकांची कातडी जाड, मेल्यासारखी झाली. आता बोटांना भाकरी कळत नव्हती. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की ते खरं होईल, असं तिला वाटत होतं.

आणि आज सकाळी दोन गठ्ठे दुकानात पोचल्यावर, घरी उरलेल्या एका भाकरीवर तिला तांबूस ठिपका दिसला. पांढऱ्या भाकरीवर तो लपत नव्हता. कुणी बघायच्या आत तिनं तेवढा तुकडा मोडला आणि गिळून टाकला. पण गेलेल्या भाकरींचं काय? तेव्हापासून तिचं लक्ष फोनकडे लागलं होतं.

“रिठा आणू या,” ती हळूच म्हणाली. “किराणा दुकानात सुट्टा मिळतोय. बाटलीपेक्षा लई स्वस्त पडतो.”

“रिठा कडू असतोय की!” गंगव्वा म्हणाली. “परातीला कडवटपणा राहिला तर गिऱ्हाईक थुंकंल.”

“काल डोकं धुवायला उकळलेलं रिठ्याचं पाणी उरलं होतं. त्यानं परात घासली. दोनदा धुतली आणि चाटून बघितली. न्हाय लागत कडू.”

“परात चाटली?” नंदीश हसला. “मांजर हायस का गं?”

तेवढ्यात फोन वाजला. वैजयंतीबाई. महेश्वरीनं तो उचलला.

“महेश्वरी, आजच्या भाकरी बघितल्या गं.”

“काय झालं, अक्का?”

“कडेला जाड राहिल्यात. कुणाकडनं तरी थापून घेतेस की काय?”

ठिपका त्यांना दिसला नव्हता. एवढ्यावर फोन ठेवता आला असता. पण दुकानात कुणीतरी गठ्ठा सोडत असेल, भाकरी मोडत असेल, लेकराच्या हातात देत असेल, हे तिला दिसायला लागलं.

“मीच थापल्यात, अक्का. ते दोन्ही गठ्ठे विकू नका. परत पाठवा.”

“का?”

“माझ्या बोटांना चिरा पडल्यात. रगत लागलं असंल.”

पलीकडून नुसतं “बरं” ऐकू आलं आणि फोन बंद झाला. त्या ‘बरं’चा अर्थ काय, पुन्हा भाकरी घेणार की नाही, हे तिला समजेना.

नंदीशचं हसू मावळलं होतं. “हात दाव,” तो म्हणाला.

तिनं पदराखालून हात काढले. गंगव्वा वाकून बघत राहिली, मग तिनं तोंड फिरवलं.

“किती दिवस झाले हे?” नंदीशनं विचारलं.

चुलीजवळचं राखेचं डबडं उचलून महेश्वरीनं बाहेर ठेवलं, मागे वळली आणि दोघांनाही ऐकू जाईल अशा साध्या आवाजात म्हणाली, “उद्यापासून भांड्यांना रिठ्याचं पाणी. घासायची तुमी दोघांनी. माझी बोटं भरून येईपर्यंत भाकरी बंद.”