पत्र्यामागची बहीण

कोरल थिएटर वाचलं, असं टोंगातल्या नेइआफू गावात सगळे म्हणतात. चर्चने दर्शनी भिंतीला पांढराशुभ्र रंग दिला, वरचे १९३८ हे सिमेंटचे आकडे जसेच्या तसे ठेवले आणि दाराशी पितळेची पाटी लावली. गावाचा वारसा जपल्याबद्दल पाटीवर चार भल्या माणसांची नावं आहेत. फिलिमोने वाकापुनाचं नाव त्यात नाही. त्याला त्याचं काही वाटत नाही, कारण पाटी वाचायला तो कधी थांबलेलाच नाही. बाजाराला जाताना तो हल्ली वरच्या रस्त्याने जातो. तो रस्ता लांबचा आणि चढाचा आहे आणि फिलिमोनेचे गुडघे पार गेलेत, तरी तो तिकडूनच जातो.

याच थिएटरात फिलिमोनेने सत्तावीस वर्षं सिनेमा सांगितला. त्या काळी गावात इंग्रजी कोणाला येत होतं! पडद्यावरची माणसं आपली फडाफडा बोलायची, आणि पडद्याशेजारी लाकडी खोक्यावर उभा राहून एक माणूस ते सगळं टोंगन भाषेत सांगायचा. त्याच्याशिवाय लोक सिनेमा बघायचेच नाहीत. फिलिमोने आधी धक्क्यावर बोटीतल्या मालाची नावं पुकारायचा. तो आवाज डोंगरापलीकडे जातो, असं लोक म्हणत, म्हणून मालकाने त्याला थिएटरात आणला. इंग्रजी त्याला खोबऱ्याच्या व्यापाऱ्याकडे पोती मोजताना आलं तेवढंच. बाकीचं तो पदरचं घालायचा. शेरीफ पडद्यावर काय म्हणायचा देव जाणे, पण फिलिमोनेच्या तोंडून तो गावच्या तलाठ्यासारखा बोलायचा आणि लोक हसून हसून चटईवर लोळायचे. पांढरा सदरा, कमरेला रीतीप्रमाणे गुंडाळलेली नवी चटई, केसांना खोबरेल, असा थाट करून तो खोक्यावर चढायचा. पोरी त्याच्याकडे बघायच्या. त्याला ते फार आवडायचं, आणि हे त्याने कधी लपवलंही नाही.

त्याची थोरली बहीण मेलेनाइते मात्र त्या थिएटरात एकदाही आली नाही.

तिला हौस नव्हती असं नव्हे. वयात आलेले भाऊबहीण एका छपराखाली बसून असलं काही बघत नाहीत, ही आपल्या बेटांवरची रीत. पडद्यावरचा नायक नायिकेच्या जरा जवळ गेला तरी दोघांनी एकमेकांना तोंड कसं दाखवायचं? इतर घरांनी यावर तोड काढली होती. शुक्रवारी भाऊ जायचे, शनिवारी बहिणी. पण मेलेनाइतेचा भाऊ शुक्रवारीही खोक्यावर असायचा आणि शनिवारीही. तो एकदा तापाने आडवा झाला, तर मालकाने खेळच रद्द केला.

म्हणून ती बाहेर बसायची. थिएटरचं तोंड सिमेंटचं असलं तरी बाकी सगळं पत्र्याचं. मागच्या बाजूला नीरफणसाचं झाड होतं. त्याखाली पत्र्याला पाठ लावून ती भाजलेल्या शेंगांची टोपली घेऊन बसायची. आल्यावर बोटाच्या पेराने पत्र्यावर दोनदा टकटक करायची. याचा अर्थ, मी बसले, कर सुरू. ती टकटक ऐकल्याशिवाय फिलिमोने तोंड उघडायचा नाही. लोकांना वाटायचं, रीळ अडकलं. ते ओरडायचे, शिट्या मारायचे, आणि फिलिमोने आपला सदऱ्याच्या बाह्या नीट करत उभा राहायचा.

सत्तावीस वर्षांत तिने शेकडो सिनेमे ऐकले आणि एकही बघितला नाही. चुंबनाबिंबनाचा प्रसंग आला की फिलिमोनेची पंचाईत व्हायची, कारण आत लोक बघतायत आणि बाहेर बहीण ऐकतेय. मग तो त्या देशातल्या घोड्यांच्या चाऱ्याबद्दल बोलायला लागायचा. गवत कुठलं, किती घालतात, पावसाळ्यात कुठे साठवतात. आत हास्याचा कल्लोळ व्हायचा. बाहेर मेलेनाइते शेंगा निवडत बसायची.

पुढे घरोघरी व्हिडिओ आले. चौऱ्याऐंशी साली थिएटर बंद पडलं. मालक न्यूझीलंडला गेला, आणि आत पोती आणि सिमेंट ठेवायला लागले. फिलिमोनेने नंतर रताळी लावली, मासे धरले, बायकोला मूठमाती दिली. लोक त्याला अजूनही 'सांग्या' म्हणतात. तरुणांना मात्र ते नाव कशावरून पडलं ते ठाऊक नाही.

त्याला शहात्तरावं लागलं तेव्हा बातमी आली की चर्च थिएटर घेतंय, सभागृह करायला. पाडणार होते, पण कोणीतरी वारशाचा मुद्दा काढला. मग ठरलं की तोंड तसंच ठेवायचं आणि आतलं काढायचं. पडद्याची भिंत फोडून तिथे मोठं दार करायचं, प्रोजेक्टरची खोली उतरवायची. काम सोमवारी सुरू होणार होतं. माणसाची कातडी जपून ठेवायची आणि आतडी फेकून द्यायची, याला जपणूक म्हणायचं असेल तर म्हणावं.

फिलिमोने त्या आठवड्यात बहिणीच्या घरी गेला. मेलेनाइते तेव्हा ऐंशीची. दम लागायचा तिला, ओसरीत उशांना टेकून असायची. तिची मुलगी इलाइसाने झाडाच्या सालीचं कापड कुटत होती. फिलिमोने रीतीप्रमाणे पायरीवर बसला, बहिणीकडे पाठ करून; तिच्याशी थेट बोलायचं नसतं.

"मामा, आज रिकाम्या हाताने?" इलाइसाने म्हणाली. "तुमच्या घरचं डुक्कर मोठं झालंय म्हणे. मी ते माझं समजून चाललेय."

"तू तर माझं घरही तुझंच समजून चालतेस."

"मग? बहिणीची पोर आहे तुमच्या. हक्कच आहे माझा. बोला, काय काम काढलंत?"

त्याने बराच वेळ कमरेच्या चटईचा धागा ओढला. मग म्हणाला, "तुझ्या आईला विचार, तिला थिएटर आतून बघायचंय का. सोमवारी फोडणारेत."

"आई इथे दोन हातांवर बसलीय. कान शाबूत आहेत तिचे."

"तू विचार."

इलाइसानेने आईकडे बघितलं. मेलेनाइते हळूच म्हणाली, "त्याला सांग, नुसत्या भिंती बघून काय करू? सिनेमा दाखवणार असेल तर येते."

इलाइसाने हसली आणि हातातलं लाकूड खाली ठेवून उठलीच. ती आईसारखीच, मनात आलं की करून मोकळी. तिचा नवरा वीजकेंद्रात कामाला होता. त्याने प्रोजेक्टर उघडला, उंदरांची घरटी काढली, तेल घातलं. खोलीत तीन गंजके डबे राहिले होते. दोन रिळांचा चिकट गोळा झाला होता. तिसरं चालण्याजोगं निघालं. लंगड्या घोडेस्वाराच्या सिनेमाचं मधलं रीळ, वीसेक मिनिटांचं. फिलिमोने स्वतः पाद्र्यांकडे गेला आणि शनिवारची दुपार मागून घेतली.

"घ्या दुपार," पाद्री म्हणाले. "पण अंधार पडायच्या आत आटपा. दुसऱ्या दिवशी रविवार."

"अर्ध्या तासाचं काम आहे."

"आणि त्यात ते... तसलं काही नाही ना?"

"घोड्यांचा चारा आहे थोडा," फिलिमोने म्हणाला. पाद्र्यांनी लहानपणी शनिवारी आईच्या मांडीवर बसून सिनेमे बघितलेले. ते खो खो हसले.

आता अडचण एवढीच उरली की बहीण आत बसणार तर भाऊ आत कसा येणार, आणि भाऊ नाही तर सांगणार कोण? इलाइसानेने फोनवर आवाज भरून घ्यायचं सुचवलं.

"त्याला सांग," ओसरीतून मेलेनाइते म्हणाली, "डब्यातला आवाज मला नको. आयुष्यभर जिवंत आवाज ऐकलाय मी."

फिलिमोनेने पायरीवरूनच तोड काढली. "मी बाहेरून सांगतो. नीरफणसाखाली बसून. रीळ मला पाठ आहे. तिने आत बसून बघावं."

इलाइसानेला एकदम पटलं. ती टाळी वाजवून हसली, आणि हसता हसता तिच्या तोंडून गेलं, "अहो मामा, इतकं सोपं होतं तर! मग पन्नास वर्षांपूर्वी हे का नाही केलंत? एक शनिवार तुम्ही बाहेर, आई आत!"

तिने सहज विचारलं. पण फिलिमोनेचं तोंड उतरलं. खरंच, का नाही केलं? शुक्रवारी सांगितलेला सिनेमा शनिवारपर्यंत त्याला पाठ असायचा, बाहेरूनही सांगता आला असता. एक शनिवार खोका सोडायचा होता फक्त. पांढरा सदरा एक शनिवार खुंटीला राहिला असता. पण हजार शनिवारांत त्याच्या ते मनातच आलं नाही, आणि मनात का आलं नाही हे त्याला त्या पायरीवर पुरतं कळलं. बाहेरची जागा बहिणीची, आतली आपली, हे त्याने कधी तपासूनच बघितलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की मान वर करवेना.

मागून मेलेनाइतेचा आवाज आला. "पोरी, त्याला छळू नकोस. त्याला म्हणावं, चारा ऐकून ऐकून मला घोड्यांचं सगळं कळतंय. आता जरा माणसांचं बघू दे."

म्हणजे चारा कुठल्या प्रसंगाला यायचा, ते तिला सगळं माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या विषयावर ती त्याच्यादेखत बोलली होती. फिलिमोनेला हसूही आलं आणि रडूही. पण बहिणीसमोर दोन्ही शोभत नाही, म्हणून तो उठून घरी गेला.

बुधवारपर्यंत तो मळ्यात एकटाच रीळ म्हणत फिरला. घोडेस्वार वाड्याशी येतो, विहिरीवरची बाई घागर खाली ठेवते. या वेळी चाऱ्याचं काही घालायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. तिथे गप्प बसायचं. तिचं तिला बघू द्यायचं.

पण शनिवार यायच्या आधीच, गुरुवारी पहाटे, मेलेनाइते गेली. झोपेतच गेली, कोणाला त्रास न देता.

घर लहान होतं आणि माणसं खूप येणार होती. पाद्र्यांनी थिएटरची किल्ली दिली. सोमवारपर्यंत सगळं जसंच्या तसं होतंच. इलाइसानेच्या नवऱ्याने पोती बाहेर काढली. बायकांनी चटया अंथरल्या, त्यावर सालीचं कापड, आणि मेलेनाइतेला तिथे ठेवलं. शनिवारी दुपारी गाणी म्हणून मग पुरायला न्यायचं ठरलं. अशी ती शेवटी कोरल थिएटरात आली.

आणि फिलिमोने बाहेर होता. बहिणीचा मान मोठा. तिच्या मयताला भाऊ आणि भावाची पोरं सगळ्यांत खालची. त्यांनी फाटकी, गुडघ्याखाली लोंबणारी चटई गुंडाळायची, भट्टीशी राबायचं, आणि पार्थिवासमोर जायचं नाही. भट्टी थिएटरच्या मागे खणली होती, नीरफणसाच्या झाडाखाली. दुसरी जागाच नव्हती. तो सकाळपासून तापलेल्या दगडांवर अळकुड्या आणि डुकराचं मांस रचत होता. त्याच्याच घरचं डुक्कर, जे इलाइसाने आपलं समजून चालली होती.

दुपारी ती मागच्या दाराने आली. डोळे सुजलेले, रीतीप्रमाणे केस कापलेले. मामाला नेहमी टोमणा मारणाऱ्या त्या बाईने त्याच्याजवळ उकिडवं बसून हळू आवाजात सांगितलं, "मामा, आईचे पाय पडद्याकडे केलेत. डोकं उशीवर उंच ठेवलंय. म्हातारी माणसं म्हणत होती, असं नसतं ठेवत. मी म्हटलं, माझी आई आहे, असंच ठेवायचं."

"बरं केलंस," फिलिमोने म्हणाला.

"रीळ लावून ठेवलंय ह्यांनी. पण लावणार कसं, एवढ्या लोकांत."

"नको लावू."

ती आत गेली. आत गाणं सुरू झालं, शंभरेक माणसांचं. पत्रा त्या आवाजाने बारीक थरथरत होता. फिलिमोनेने भट्टीवर केळीची पानं घातली, माती ओढली, हात चटईला पुसले. मग तो पत्र्यापाशी गेला. एका ठिकाणी पत्र्याचा रंग पार उडून तो गुळगुळीत झाला होता, बसलेल्या माणसाच्या पाठीएवढ्या उंचीवर. इतकी वर्षं तो आतल्या बाजूला उभा होता, ही जागा त्याने कधी बघितलीच नव्हती.

तो तिथे पाठ टेकून बसला. लंगडा घोडेस्वार, वाडा, विहीर, घागर, सगळं त्याच्या तोंडाशी आलं होतं. पण बाहेर बसणाऱ्याने सांगायचं नसतं. बाहेर बसणाऱ्याने फक्त आपण आलोय एवढं कळवायचं असतं.

त्याने बोटाच्या पेराने पत्र्यावर दोनदा टकटक केलं. मग कान लावून, आतून कोणीतरी सुरू करील म्हणून, तो वाट बघत बसला.