बाटलीवरचं लॅक्टेट

"रक्तातलं लॅक्टेट पाच पॉइंट आठ आलंय. दोनच्या आत हवं," कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरलाय. याला सेप्सिस म्हणतात. आयसीयूत न्यावं लागेल."

माझी पत्नी सुनंदा समोरच्या खाटेवर होती. मी हाक मारली तर ती माझ्याकडे बघून दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत होती.

सेप्सिस म्हणजे संसर्गाशी लढताना शरीराचाच तोल जाणं. रक्तदाब उतरतो, अवयवांना रक्त पुरत नाही. हे मला नंतर कळलं. त्या वेळी कळला तो फक्त आकडा, आणि तो जवळजवळ तिप्पट होता.

सुरुवात साधी होती. लघवीला जळजळ, कंबरेच्या वर एका बाजूला दुखणं, मग थंडी वाजून ताप. माहेरी, कोल्हारला, भाचीचा साखरपुडा होता. तो उरकून मग दाखवू, असं म्हणून तिने मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांवर दिवस काढले. शेवटी तिचा भाऊ बाळासाहेब तिला गाडीत मागच्या सीटवर आडवी घालून सरळ नगरच्या हॉस्पिटलात घेऊन आला. मी नागापूरहून, कामावरूनच तिथे पोहोचलो.

कारखान्यात येणारा माल तपासणं हे माझं काम. लेबल वाचल्याशिवाय काहीही आत घ्यायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. सिस्टर दुसरी सलाईन घेऊन आल्या तेव्हा मी बाटली हातात घेऊन वाचली. नाव रिंगर लॅक्टेट. खाली घटकांत सोडियम लॅक्टेट.

"सिस्टर, थांबा. हिच्या रक्तात लॅक्टेट वाढलंय आणि तुम्ही तेच आत सोडताय."

बाळासाहेब चिडला. "दाजी, ही काय तुमची कंपनी हाय का? लावू द्या त्यास्नी."

"अरे, लेबलवर लिहिलंय."

"तुमी वाचलं ते त्यास्नी वाचता येत न्हाई व्हय?"

मी बाटली सोडली नाही. सिस्टरनी मॅडमना बोलावलं. मॅडमनी माझ्या हातातून बाटली घेतली, स्टँडला लावली, नळी जोडली, थेंब पडायला लागलेले पाहिले आणि मग माझ्याकडे वळल्या.

"शंका रास्त आहे, पण लॅक्टेट हे विष नाही, इंधन आहे," त्या म्हणाल्या. "पेशी साखर फोडतात तेव्हा ते तयार होतं. पळताना पायांच्या स्नायूंत जास्त होतं. पेशीच्या पडद्यातून ते सहजासहजी पार होत नाही. त्यासाठी पडद्यात ट्रान्सपोर्टर असतात, म्हणजे ने-आण करणारी प्रथिनं. दारंच समजा. स्नायूतून ते अशा दारांनी बाहेर पडतं, रक्तातून हृदयाकडे जातं, आणि हृदय ते जाळून काम करतं. यकृतही ते आत घेतं आणि त्याची परत साखर बनवतं."

"मग वाढलं तर वाईट का?"

"कारण तयार होतंय त्या मानाने उचल होत नाहीये. पेशी अडचणीत आहेत, एवढंच तो आकडा सांगतो. बाटलीतलं लॅक्टेट यकृत वापरून टाकेल. यकृत निकामी असतं तर मी दुसरी बाटली निवडली असती. यांचं तसं नाही. यांना आत्ता पाणी हवंय. ते थांबवलं तर प्रेशर आणखी उतरेल."

मी मागे सरलो.

आयसीयूत अँटिबायोटिक्स सुरू होतीच. नॉरअ‍ॅड्रेनालिनही लावलं, म्हणजे रक्तवाहिन्या आवळून दाब टिकवणारं औषध. आम्ही दोघे बाहेरच्या बाकावर. पुढचं लॅक्टेट पाच पॉइंट चार आलं. "एवढंच उतरलं?" मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "एका आकड्यावर जाऊ नका. तो कुठल्या दिशेने चाललाय ते बघा." संध्याकाळी तीन पॉइंट सहा. आता बाळासाहेबच दार उघडलं की उठून विचारायचा, "किती झालं?" दुसऱ्या दिवशी सकाळी एक पॉइंट आठ. तो आकडा ऐकून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

ज्यांच्या घरी असं दुखणं येईल त्यांना सांगतो. थंडी वाजून ताप आला, लघवी कमी झाली, माणूस असंबद्ध बोलू लागलं, तर कुठलाही कार्यक्रम उरकायची वाट बघू नका. आणि प्रश्न जरूर विचारा, पण माझ्यासारखी बाटली अडवून धरू नका.

सुट्टी मिळाली त्या दिवशी मी मॅडमचे आभार मानायला गेलो. त्या म्हणाल्या, "आम्ही वेळ मिळवून दिला. ते लॅक्टेट निस्तरलं त्यांच्या यकृताने."

गाडीत बसल्यावर सुनंदाने विचारलं, "काय म्हणाल्या मॅडम?"

"तुझं यकृत चांगलं आहे म्हणाल्या."

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यातलं काहीतरी चांगलं आहे म्हणालात," ती म्हणाली, "ते पण दुसऱ्यांनी सांगितल्यावर."

बाळासाहेब गाडी चालवता चालवता हसायला लागला. तिचा आवाज अजून बारीक होता, पण शब्दन् शब्द नीट ऐकू येत होता.