इमूच्या अंड्यांची फिर्याद

तो तपास अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि तो सरकारी तपासही नव्हता. मी सातवी पास. महिला शिपाई म्हणून भरती झाले, हवालदार म्हणून निवृत्त झाले. ठाण्यात बायकांचे जबाब बहुतेक माझ्याकडेच असायचे. निवृत्तीनंतर मुलीकडे न्यूझीलंडला, ऑकलंडजवळच्या पापाकुऱ्याला राहायला आले. नावं कोणाचीच लिहीत नाही.

२०१६ च्या पितृपक्षात मुलीच्या ओळखीचा एक पुणेकर घरी आला. ऑकलंडमध्ये आयटीत नोकरी, आणि पापाकुऱ्याच्या पुढे जमीन घेऊन त्यानं इमू पाळलेले. चरबीचं तेल सांधेदुखीसाठी विकायचा. लाल मांस हॉटेलात जायचं. कातडं पर्स बनवणारे घ्यायचे. पिसं गाड्या रंगवणारे नेत, रंगाआधी धूळ पुसायला ती मऊ पडतात. पक्ष्याचं काहीच वाया जात नाही, हे तो येईल त्याला ऐकवायचा.

"काकू, इमूत अंडी नर उबवतो. बसलेल्या नराखालची आठही अंडी गेली," तो म्हणाला. "आमच्या कामाच्या माणसानंच नेली. आईनं पाहिलंय."

"मग पोलिसांत जा."

"तिकडे गेलो तर त्याचं करिअर संपेल. तुम्ही मराठीत जरा दरडावून विचारा. कबूल झाला की मी शांतपणे काढून टाकतो."

"काढल्यावर त्याचा व्हिसा राहतो का?"

तो भिंतीकडे बघायला लागला. "व्हिसा माझ्याच नोकरीवर आहे."

म्हणजे शांतपणे काढला काय आणि बेड्या घातल्या काय, त्या माणसाला फरक नव्हता. मी जायला तयार झाले ते एवढ्यासाठीच.

मळ्यावर आधी खबर देणाऱ्या बाईंना भेटले, म्हणजे मालकाच्या आईला. सगळे त्यांना माई म्हणत. स्वच्छ सुती साडी, वर स्वेटर, गुडघे धरून चालणं. कांदासुद्धा न खाणाऱ्या.

"दुपारी चहाच्या वेळेला त्याला बादली घेऊन जाताना मी स्वतः पाहिलं," माई म्हणाल्या. "वरून फडकं टाकलेलं होतं. माझी दुपारची झोप झाली होती, घड्याळात तीन वाजले होते."

वेळ मी विचारलीच नव्हती. न विचारता वेळ सांगणारा साक्षीदार मी नोकरीत नेहमी बाजूला काढून ठेवायची. त्यांनाही ठेवलं.

कामाचा माणूस सांगलीकडचा, तिशीचा, कृषी पदविका झालेला. शेडमध्ये उभा होता. मी खुर्ची घेतली आणि त्यालाही बसायला लावलं. उभ्या माणसाचं अर्धं लक्ष पळण्याकडे असतं.

"अंडी कुठं विकलीस?"

"मावशी, मी न्हाई नेली. बायकोचं आन् पोरीचं कागद भरल्यात. त्या यायच्या टायमाला मी अंडी चोरीन व्हय?"

"चोरणारे असंच म्हणतात."

"म्हणत असतील. त्या दिवशी मी सकाळी पिसं द्यायला गाड्या रंगवणाऱ्याकडं, तिकडं शहरात माउंट वेलिंग्टनला गेलो, जेवायच्या वेळेनंतर आलो. आल्यावर शेड धुतलं. बादली तर हातात असणारच की."

"अंडी आहेत का नाहीत, आल्यावर बघितलं नाहीस?"

"नर कुंपणाकडेला हुभा दिसला. तवाच वळखलं, अंडी गेली. अंड्यावर बसला की तो दोन म्हैनं उठत न्हाई, दाण्याला तोंड लावत न्हाई. अंगातल्या चरबीवर जगतो. मीच मालकाला फोन केला, आन् चोर बी मीच."

त्याला मी पुन्हापुन्हा तेच विचारलं. मागून पुढे, पुढून मागे. शब्द बदलले, गोष्ट बदलली नाही. पाठ केलेला जबाब शब्दाला शब्द तसाच येतो, खरा जबाब तसा येत नाही.

मग माईंकडे जाऊन बसले. त्यांनी चहा केला. चोरीचं नाव न काढता मी इथल्या पितृपक्षाबद्दल विचारलं. बायकांच्या जबाबाला सरळ प्रश्नानं सुरुवात करायची नसते.

"अहो, इथं कावळाच नाही," माई म्हणाल्या. "यांचं पान ठेवायचं कुणाला? मग त्या नरापुढे ठेवते. बाकीचे पक्षी झुंडीनं येऊन तुडवतात. तो एकटा कुंपणात असतो, मला ओळखतो."

"आणि शिवतो का?"

"रोज थोडा भात ठेवत होते, ढुंकून बघत नव्हता. मला वाटलं, ह्यांचं काहीतरी राहून गेलंय. पण तिथीच्या दिवशी बाराला पान ठेवलं आणि लगेच खाल्लं हो त्यानं. पहिल्या घासाला भात, मग वडा." त्यांचे डोळे भरून आले.

"ती तिथी म्हणजे अंडी गेली तोच दिवस ना?"

"हो," म्हणाल्या, आणि कप खाली ठेवला.

अंड्यावर बसलेला नर खात नाही. बाराला तो वडा खात होता, म्हणजे तेव्हाच त्याच्याखाली अंडी नव्हती. आणि बाराला सांगलीकर माउंट वेलिंग्टनला होता. रंगवाल्याला मालकानं माझ्यासमोर फोन लावला. सांगलीकर जेवणवेळेपर्यंत तिथेच होता असं त्यानं सांगितलं. हा फोन मालकाला आधीच करता आला असता.

त्या सकाळी मळ्यावर एकट्या माईच होत्या. त्यांचा देवाची फुलं टाकायचा खड्डा घरामागे होता. काठीनं वरची माती ओढली, तर खाली इमूच्या अंड्याचं गर्द हिरवं कवच.

माईंनी नाकारलं नाही. "जन्माला येऊन त्या पिल्लांचं तेलच होणार होतं. माझ्या घरात ते पाप नको."

"गुडघ्याला कुठलं तेल लावता?"

"ते आधीच मेलेल्याचं असतं."

"आणि त्या माणसाचं काय?"

"त्याला काय, कुठंही काम मिळेल. हातपाय धड आहेत."

मालक दारात उभा राहून सगळं ऐकत होता. मला वाटलं, आता हा शेडकडे जाऊन माफी मागेल. त्यानं मला गाडीपर्यंत सोडलं.

"काकू, प्लीज बाहेर बोलू नका. आईचं वय झालंय."

"आणि तो?"

"त्याला कसा ठेवू? रोज आईसमोर येणार, तिला ते सहन होणार नाही. उद्या महाराष्ट्र मंडळात बोलला तर? काम कमी झालं म्हणून सांगतो. चोरीचं नाव घेणार नाही, फेअर आहे ना?"

मी त्याला काय म्हणाले ते छापण्यासारखं नाही. तरी त्यानं तेच केलं. मी मंडळात चार घरी खरं सांगितलं. ऐकून सगळ्यांना वाईट वाटलं, पुढच्या सणाला माईंच्या हातच्या पुरणपोळ्या सगळ्यांनी खाल्ल्या. सांगलीकरानं दुसरं काम शोधलं, मिळालं नाही. जायच्या आधी भेटायला आला.

"मावशी, माझ्यावर डाग न्हाई ना ऱ्हायला?"

"नाही."

"मग मी जातोय कशापायी?"

 मुलीनं त्याला विमानतळावर सोडलं.

नोकरीत मी समजत होते की खरा गुन्हेगार सापडला की निरपराध माणूस सुटतो. इथं गुन्हेगार सापडला, म्हणूनच निरपराधाला जावं लागलं. चोर ठरला असता तरी गेला असता. खोटं बोलणाऱ्याला लोक पुन्हा जेवायला बोलावतात. ज्याच्यामुळे ते खोटं उघडं पडलं, तो मात्र त्यांना डोळ्यांसमोर नको असतो. आता कोणी एखाद्याची दया सांगायला लागलं, की ती कोणाच्या पोटावर पाय देऊन केली, एवढंच मी विचारते. बहुतेक जण विषय बदलतात.