सायकल, सोबतीच्या अटीवर

कामासाठी सहा महिने अमरावतीला राहायचं ठरलं, तेव्हा बायकोनं बॅगेत आधी गोळ्या भरल्या, मग कपडे. मग दारातल्या सायकलीकडे बघत म्हणाली, "न्यायची तर ने. पण एकट्यानं चालवायची नाही. तिथं कुणाची सोबत मिळाली तर ठीक, नाही तर परत आल्यावर विकून टाकू."

अट जाचक होती, अन्यायाची नव्हती. दोन वर्षांपूर्वी पुण्यात, स्वयंपाकघरात चहा गाळताना मला फीट आली. घरात आम्ही दोघंच. आधी आलेला जळक्या रबराचा वास सोडला तर मला त्यातलं काहीच आठवत नाही, त्यामुळे भीतीचा सगळा वाटा तिच्याकडे गेला. औषधं सुरू झाली, पुन्हा काही झालं नाही, डॉक्टरांनी वर्षभरानं सायकलीला परवानगी दिली, तीही कुणीतरी बरोबर असेल तरच. पण मी पहाटे बाहेर पडलो की माझा "पोचलो" असा फोन येईपर्यंत ती पलंगावर उठून बसलेली असते.

खरं तर पुण्यात माझे सायकलवाले मित्र होते, पंधरा वर्षांचे. फीटचं कळल्यावर त्यांनी मला रांगेत मधे घेतलं. मग "आज जरा लांबचं आहे, तू नको" सुरू झालं. मग बेत माझ्यापर्यंत पोचेनासे झाले. कुणी वाईट वागलं नाही, पण मी एक धडा घेतला: ही गोष्ट कुणाला सांगायची नाही.

मी दवाखान्यांतली क्ष-किरण यंत्रं दुरुस्त करतो. त्या सहा महिन्यांत अमरावती आणि अकोला हे दोन जिल्हे माझ्याकडे होते. पोचल्या पोचल्या मी तिथल्या सायकलवाल्यांचा गट शोधला. माणसं मोठी दिलदार. पहिल्याच रविवारी नाश्त्याला गिला वडा खाऊ घातला. पण त्यांचा वेग असा, की त्यांच्या मागच्या चाकापलीकडे मला अमरावती दिसेना. माझ्यासाठी ते दोनदा थांबले. तिसऱ्यांदा मीच हात जोडून म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. त्यानंतर मी एकटाच जाऊ लागलो आणि बायकोला फोनवर सांगू लागलो, "आहेत की इथली मंडळी बरोबर." पन्नाशी उलटलेल्या माणसानं शाळेतल्या पोरासारखं खोटं बोलावं, याची लाज वाटायची. पण सायकल विकायची कल्पना त्याहून जड होती.

एका सकाळी वलगावच्या पुढे मोबाइलनं मला एका पांदणीत घातलं. पांदण म्हणजे वावरावावरांतून जाणारी बैलगाडीची वाट. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेला होता. काळ्या मातीची ओळख मला पुस्तकातून होती, त्या दिवशी प्रत्यक्ष झाली. पन्नास पावलांत चाकं चिखलानं इतकी जाड झाली की ती फिरेचनात. सायकल उचलायला गेलो तर तीही उचलेना. मी मोबाइलला, पावसाला आणि एकंदर विदर्भाला शिव्या देत उभा होतो.

"कावून घुसले बाप्पा इकडं?"

पांदणीच्या तोंडाशी साठीपलीकडचा एक माणूस काळ्या, उंच, कॅरियरवाल्या सायकलीला टेकून उभा होता.

"नकाशात रस्ता दाखवतोय," मी मोबाइल पुढे करत म्हणालो.

"मोबाइलमधी असन. जमिनीवर नाही." त्यानं कॅरियरच्या पिशवीतून चक्क स्वयंपाकघरातलं उलथनं काढलं आणि माझी चाकं खरवडायला बसला. "पाण्यापावसाच्या दिवसात आमी हे संगं ठेवतो. मडगार्ड पहिले काढून टाकतो. तुमच्या सायकलले मडगार्डच नाही, तरी फसले तुमी. कमाल हाय."

मला राग आला आणि हसूही आलं. चहा त्यानंच पाजला. तो निवृत्त लाइनमन होता. दहा-बारा खेड्यांच्या विजेच्या तारा त्यानं सायकलवर फिरून सांभाळल्या होत्या, आणि निवृत्तीनंतरही पायांना ती सवय राहिली होती. घरी येणारं विजेचं बिल सोडलं तर आता त्या खात्याशी त्याचा संबंध नव्हता, तरी कुठे तार लोंबलेली दिसली की तो थांबून फोन करायचाच. उद्या तुमच्याबरोबर येऊ का, असं मी विचारलं, तेव्हा मला सोबतीची किती निकड होती हे त्याला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "या न. मी तसाही जातोच."

पुढचे तीन महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले महिने होते. त्याच्या डोक्यात रस्त्यांचा नकाशा नव्हताच, खांबांचा होता. "या डीपीपासून डाव्या हातानं जाऊ, तथी लाइन वावरातून जाते, पण खालची वाट पक्की हाय." डीपी म्हणजे विजेचा डबा, आणि दर डब्याशी त्याची एक आठवण. त्या तारांखालून त्यानं मला तुरीच्या फुलोऱ्यातून नेलं, पहाटे कापूस वेचायला निघालेल्या बायांच्या थट्टेतून नेलं. "हा कोन पाहुना पकडून आनला जी?" त्या विचारायच्या. ओळखीच्या घरांपुढे "जय भीम" म्हणत तो थांबायचा आणि माझ्यासकट चहाला आत जायचा. मी कोण, कुठला, हे लोक चहा अर्धा झाल्यावर विचारायचे. पुण्याच्या माणसाला हे पचायला वेळ लागला. मी चहा पिता पिता शिकलो.

निघण्याआधी तो रोज तीन प्रश्न विचारायचा. रात्री झोप झाली? पोटात अन्न हाय? डोक्यात काही चालू हाय? ही त्याची नोकरीतली रीत. जोडीदाराला हे विचारल्याशिवाय आणि स्वतः सांगितल्याशिवाय तो कधी खांबावर चढला नव्हता. मी रोज ठोकून द्यायचो, "झाली, आहे, काही नाही." एकदा बायकोनं फोनवर विचारलं, "त्या लाइनमनना सांगितलंस ना तुझं?" मी म्हटलं, "केव्हाच." सांगितलं तर उद्या हाही म्हणेल, लांबचं आहे, तुमी नका येऊ. मला ते पुन्हा ऐकायचं नव्हतं.

थंडीत आम्ही अकोल्याला सायकलनं जायचा बेत केला. तिथं जठारपेठेत त्याची मुलगी राहायची, ती परिचारिका होती. वलगाव, दर्यापूर करत संध्याकाळच्या आत तिच्या घरी मुक्काम, असं ठरलं. त्या उत्साहात, आदल्या रात्री सामान भरताना, मी गोळी घ्यायला विसरलो. सकाळचे तीन प्रश्न आले, मी तीन उत्तरं दिली.

दर्यापूरच्या पुढे मला जळक्या रबराचा वास आला. तो वास फक्त मलाच येतो, हे मला माहीत होतं. मी ब्रेक दाबला, कसाबसा उतरलो आणि धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसलो. जिभेवर लोखंडाची चव होती. झाडं लांब गेली, जवळ आली, आणि मग हळूहळू सगळं जागेवर आलं. फीट आली नाही. समोर तो सायकल टाकून उकिडवा बसला होता.

"काही नाही. पित्त आहे," मी म्हटलं.

त्यानं सकाळचा तिसरा प्रश्न पुन्हा विचारला. मग मात्र मला खोटं रेटता येईना. स्वयंपाकघर, गोळ्या, पुण्याचे मित्र, बायकोची अट, तिचं पहाटे उठून बसणं, सगळं सांगितलं.

तो चिडला. तीन महिन्यांत त्याला चिडलेलं मी पाहिलं नव्हतं. आवाज चढला नाही, खाली गेला.

"तुमी मले चालू लाइन बंद हाय म्हनून सांगतलं साहेब. रोज. मी रोज इचारलं, अन् तुमी रोज तेच सांगतलं. तुमी एखाद्या ट्रकखाली गेले असते, तं मी तुमच्या घरी काय तोंड दाखवलं असतं?"

त्यानं अकोल्याकडे कापूस घेऊन जाणारी एक पिकअप थांबवली, दोन्ही सायकली गंजीवर चढवल्या, मला ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि स्वतः मागे कापसावर जाऊन बसला. संपूर्ण रस्ता मी मागच्या काचेतून त्याची पाठ बघत होतो. सोबत गेली हे मला कळून चुकलं होतं. सोबतीबरोबर सायकलही गेली होती. पण खरं सांगतो, तेव्हा सायकलीचं मला काही वाटत नव्हतं. एका सरळ माणसाला मी फसवलं, एवढंच वाटत होतं.

मुलीनं दार उघडलं. हातात पाण्याचे पेले होते. पाण्याला हात लावण्याआधी तो तिला म्हणाला, "याइले फीट येते. आल्यावर काय करा लागते, मले शिकव."

मी दारातच उभा राहिलो. तिनं आधी मला गोळीचं विचारलं, डॉक्टरांना फोन करायला लावला, जेवू घातलं आणि झोपवलं. शिकवणी दुसऱ्या सकाळी गच्चीवर झाली. तिनं सतरंजी टाकली आणि हातात घड्याळ घेऊन उभी राहिली.

"पडा," तो मला म्हणाला.

"म्हणजे?"

"पडा म्हंतो न. करून पाह्यल्याशिवाय हाताले समजत नाही."

मी हेल्मेट घातलं आणि पडलो. जमेल तसे हातपाय झाडले. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाई थांबून बघू लागल्या. त्यानं पहिल्यांदा माझे हात घट्ट धरले, तशी मुलगी ओरडली, "बाबा, धरू नका! तोंडातही काही घालायचं नाही. अन् चप्पल तर हुंगवूच नका!" दुसऱ्यांदा तो माझ्या डोक्याखाली टॉवेल सरकवायला विसरला. तिसऱ्यांदा त्यानं टॉवेल सरकवला, हेल्मेटचा पट्टा सोडला, चष्मा काढून खिशात टाकला आणि मला कुशीवर वळवून पाठीला आपला तळवा लावून बसला. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं तर दवाखान्याची गाडी बोलवायची, हे त्यानं तिच्यामागून दोनदा म्हटलं.

फीट येते तेव्हा आपल्याजवळ कोण बसलंय हे आपल्याला कधीच दिसत नाही. त्या सकाळी मला दिसलं. मी सतरंजीवर गाल टेकून रडलो आणि ते लपवलं नाही.

मी उठून बसल्यावर त्यानं माझा फोन मागितला. "घरी लावा."

बायकोनं पहिल्याच घंटेला उचलला. तिला मी सगळं सांगितलं, वासाचंही आणि खोट्याचंही. मग त्यानं फोन माझ्या हातातून घेतला, घसा साफ केला आणि सरकारी साहेबाशी बोलावं तसा ताठ उभा राहिला.

"ताई, मी लाइनमन बोलून राहिलो. मले जमते आता. तुमी सकाळच्या झोपत जा."