बिल्ला नंबरचं पोर्ट

आमच्या मालकाने काकांना अटीवर ठेवलं होतं. बेटमा गावच्या व्यापाऱ्याला त्याच्या दुकानातल्या कम्प्युटरवर आमचा सोयाबीनच्या भावांचा प्रोग्राम उघडून दाखवला, तर नोकरी पक्की. नाही तर राम राम. मिल बंद पडल्यावर या माणसाने पन्नाशीत पोरांच्या मांडीला मांडी लावून कम्प्युटरचा कोर्स केला होता. विजय नगरच्या त्या हिंदीवाल्यांच्या ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून मी त्यांना काका म्हणायचे. मग सगळेच म्हणायला लागले.

आणि मेला तो प्रोग्राम काही उघडेना. ऑफिसातल्या ज्या कम्प्युटरवरून तो चालायचा, त्यावरचं पोर्ट अडलं होतं. मी म्हटलं, काका, पोर्ट म्हणजे दाराचा नंबर समजा. या दारात दुसराच प्रोग्राम ठाण मांडून बसलाय, आपल्याला वेगळा नंबर द्या. कुठलाही रिकामा चालेल म्हटल्यावर त्यांनी जराही विचार न करता टाकला, ४४१७. झटक्यात चालू! बेटम्याहून फोन आला, सब बढ़िया है. काका इतके खूष, की मालकाने हाच नंबर का म्हणून विचारल्यावर भाबडेपणानं सांगून बसले, माझा मिलमधला बिल्ला नंबर.

मालक आधी हसला. सगळ्यांना गोळा करून पुन्हा सांगायला लावलं, आणि काकांनी बिचाऱ्यांनी हसत हसत सांगितलंही. मग त्याचं तोंड फिरलं. बंद मिलचा मनहूस नंबर माझ्या धंद्याला लावता? कल से मत आना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पोट मलाही होतं. त्याच्या हुकमानं मी नंबर बदलला.

दुसऱ्या दिवशी काका विसरलेला डबा न्यायला आले, तेव्हा मालक फोनवर व्यापाऱ्याच्या शिव्या खात होता. व्यापाऱ्याच्या कम्प्युटरवर प्रोग्रामचा पत्ता काकांच्या नंबरासकट साठवलेला. प्रोग्राम उघडणार कसा? फोन ठेवून मालक मला म्हणाला, "वही मिलवाला नंबर वापस लगा दो."

काकांनी ते ऐकलं. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि आपल्या जागेवर बसले.

"काका," मालक म्हणाला, "नंबर को बुलाया है. आपको नहीं."

ते उठले. तर त्या निर्लज्जाने त्यांना जाताना दारही लावून घ्यायला सांगितलं. काकांनी हळूच लावलं. मी ४४१७ टाकला आणि बेटम्यात लगेच उघडलं.